डोंगरावरचा दिवा कोणाचा

काजूच्या बोंडूंचा वास पुन्हा सुरू झाला आहे. डिचोली मागे पडली की लाटंबार्सेच्या बसमध्ये तो खिडकीतून आत येतो. गोड, आंबूस, जरा चामड्यासारखा. संध्याकाळी त्यात दारूच्या भाटीचा धूर मिसळतो, आणि मग कपड्यांतून तो पावसापर्यंत जात नाही.

या दिवसांत इथली माणसं दिवेलागणीनंतर अंगणात कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून डोंगराकडे तोंड करून बसतात. गार वाऱ्याला बसलो आहोत, असं सांगतात. वारा उलट्या बाजूने, नदीकडून येतो. डोंगरावर दिवा दिसला की बोलणं थांबतं. दिवा कोणाचा, हे कोणी तोंडाने विचारत नाही. प्रत्येक जण आपल्यापुरतं उत्तर ठरवतो आणि शेजाऱ्याने काय ठरवलं असेल याचाही अंदाज घेतो. वासाला कोणी पुरावा मागत नाही. दिव्याला मात्र मागतात.

यंदा डोंगरावर दिवे बरेच आहेत. शनिवारी पणजीकडून गाड्या येतात, टपावर सायकली बांधलेल्या. अंधार पडला की माळच्या माळ चढताना दिसते, पुढे पांढरे, मागे लाल, लुकलुकणारे. गाव त्याकडे ढुंकून पाहत नाही. हे असं नव्हतं. काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामात त्याच डोंगरावर सायकलचे दोनच दिवे फिरत, आणि त्यांतल्या एकामुळे एका माणसाचं बिऱ्हाड हलायची वेळ आली होती.

तेव्हा खाणी बंद होत्या. ट्रकांसाठी कापलेले रुंद तांबडे रस्ते डोंगरावर तसेच पडून होते. कडेला रानमोडी वाढलेली, मध्ये पावसाने पाडलेल्या घळी, सुटे दगड, आणि वळणापलीकडे एकदम खाली गेलेला खाणीचा खड्डा, तळाशी हिरवं पाणी. सायकलला याहून चांगला रस्ता नाही आणि याहून वाईटही नाही. दिवसा फाल्गुन-चैत्राच्या उन्हात तिथे उभंही राहवत नसे. म्हणून रात्र. आणि रात्र म्हणून दिवा.

एक दिवा माझा, दुसरा संभाजीचा होता. संभाजी चंदगडचा. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला होता आणि गुरुदासच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहत होता. सडपातळ, कमी बोलणारा, चढावर न थांबणारा. गुरुदास माझा दूरचा मावसभाऊ; मी जवळच्याच साखळी गावचा. त्याने त्या वर्षी डोंगराच्या अलीकडच्या उतारावरची काजू पावणीत घेतली होती. पावणी म्हणजे लिलाव. जो जास्त बोलेल त्याला त्या हंगामापुरती बाग. हंगाम बुडाला तर पुढच्या वर्षी बोलीला उभं राहायला तोंड नसतं. पहिल्यांदाच घेतली होती त्याने. त्यामुळे झोपेतही त्याचा एक डोळा डोंगरावर असे.

दिवे घ्यायला आम्ही म्हापशाला गेलो. दुकानदाराने काचेवर खोकी मांडली. प्रत्येक खोक्यावर उजेडाचा आकडा, नावापेक्षा मोठ्या अक्षरांत.

"हो लाईट घेयात. दोन हजार ल्युमेन. गवो समोर इलो तर तोच पळतलो."

"कोणी मोजले?" मी विचारलं.

"कंपनीन."

"कंपनीने मोजले हे कोणी पाहिलं?"

दुकानदाराने संभाजीकडे पाहिलं. "हे पेपरात आसत काय?"

"व्हय," संभाजी म्हणाला. "घरी बी असंच करत्यात."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्यांतले आकडे तपासण्याचं काम केलं की खोक्यावरचा मजकूरही पत्रकासारखा वाचला जातो. काय लिहिलं आहे यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते शोधायचं. तो उजेड किती वेळ टिकतो, हे लिहिलेलं नव्हतं. बहुतेक दिवे पहिली काही मिनिटं आकड्याला जागतात. मग आतली पट्टी तापते आणि उजेड गुपचूप उतरू लागतो. डोळा त्याला सरावत जातो, त्यामुळे फसवणूक कळत नाही. कळते ती दुसरा, ताजा दिवा शेजारी लावल्यावर. आम्ही चार दिवे परत करण्याच्या बोलीवर आणले आणि खाणीच्या बंद वजनकाट्याच्या भिंतीवर एकाशेजारी एक लावून ठेवले. अर्ध्या तासाने सर्वांत मोठ्या आकड्याचा दिवा सर्वांत मंद होता.

"जाहिरातीगत हाय की," संभाजी म्हणाला. "वर मोठं, खाली बारीक."

त्या भिंतीने आणखी काही शिकवलं. मध्यभागी ढणढणीत आणि कडेला काळोख असा झोत दुकानात छान दिसतो. रस्त्यावर डोळा त्या पांढऱ्या वर्तुळात अडकतो आणि घळ असते ती त्याच्या बाहेर. पसरट झोत दुकानात मरतुकडा वाटतो, पण वळणावर वाचवतो. दिवा डोक्यावर बांधला तर जिकडे पाहावं तिकडे उजेड पडतो, मात्र जमीन सपाट दिसते. दगड, खड्डा, मूळ, सगळं एका पातळीवर. कारण दिवा डोळ्याच्या इतका जवळ असतो की सावली वस्तूच्या मागे लपते. हँडलवर, खाली लावला की प्रत्येक खडा लांब सावली टाकतो आणि मग त्याची उंची कळते. म्हणजे उजेड ज्याच्या डोक्यावर आहे त्याला सावल्या सर्वांत कमी दिसतात. हे तेव्हा फक्त सायकलबद्दल लिहून ठेवण्यासारखं वाटलं होतं.

रंगावर आमचं जमलं नाही. तांबड्या मातीवर पांढरा उजेड पडला की माती फिकी होते. धूळ उठली तर समोर भिंत उभी राहते. म्हणून मी पिवळसर दिवा निवडला, मध्यम उजेडाचा. संभाजीने पांढरा घेतला, दूरवर जाणारा, डोंगरापलीकडच्या गावातूनही दिसेल असा.

"जवळचं मी बघून घेतो," तो म्हणाला. "मला लांबचं दिसलं पायजे. गवा लांबनंच दिसलेला बरा."

गवे खरंच उतरत. बोंडूंच्या वासाने त्यांना धीर निघत नसे. संभाजीच्या झोतात दूरवर दोन हिरवे ठिपके दिसत, मग चार. आम्ही सायकली आडव्या करून, ते ठिपके विझेपर्यंत उभे राहायचो. रस्त्यावर बसलेल्या रातवा पक्ष्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल. गवतात दवासारखं चमकणारं काही असे. जवळ गेलं की तो कोळी निघे. काजूची वाळकी पानं चाकाखाली पापडासारखी मोडत. एखादं बोंडू चिरडलं की त्याचा रस सायकलच्या नळीवर उडे आणि दुसऱ्या दिवशी तिथे मुंग्यांची रांग. खड्ड्याच्या काठाने जाताना पाण्यावर आपलाच दिवा धावताना दिसे, आणि क्षणभर वाटे की खाली दुसरंच कोणी बरोबरीने येत आहे.

त्याच दिवसांत एकदा बागेच्या हद्दीवरून एकटाच खाली येत होतो. वळणावर एक म्हातारा उभा होता. त्याने दिवा पाहिला, पाठ फिरवली, टोपी काढली आणि हात जोडून बांधाकडे तोंड करून उभा राहिला. सायकल पुढे निघून गेली तरी तो हलला नाही.

गुरुदासची बायको शर्मिला भाटीवर होती. तिला हे सांगितलं तर ती हसलीच.

"भावोजी, तुमचो लाईट पिवळो. हळू येताय. हद्दीर. तो दुसरां कितें समजतलो?"

राखणदार, असं तिला म्हणायचं होतं. गावाची हद्द राखणारा. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पेटती चूड घेऊन रात्री शिवेवरून फिरतो. त्याचा दिवा पिवळा असतो आणि सावकाश जातो. तो दिसला तर हाक मारायची नाही, बोट दाखवायचं नाही, आपली बॅटरी त्याच्यावर मारायची नाही. हंगामातला पहिला हुर्राक, बोंडूंच्या रसाची पहिल्या वाफेची दारू, भाटीतून उतरला की आधी हद्दीच्या दगडावर त्याच्या नावाने ओततात, शेजारी विडी ठेवतात, मग घरातली माणसं चव घेतात. त्या वर्षीही शर्मिलाने ओतला होता. डोंगरावरच्या दिव्याचे इथे तीन अर्थ होते. शिकारी, चोर, किंवा जमीन मोजायला आलेला बाहेरचा माणूस. राखणदाराचा अर्थ या तिघांत धरत नसत. तो संशयाच्या बाहेर होता.

मग बिया जायला लागल्या.

सकाळी वेचायला गेलेल्या बायकांना झाडाखाली बोंडू सापडत, पण त्याच्या टोकाशी बी नाही. पिळून काढलेली. जनावराने केलं म्हणावं तर जनावर बोंडू खातं आणि बी टाकतं. इथे बी गेली होती आणि बोंडू राहिलं होतं. म्हणजे माणूस. आणि पैसा बीचाच. बोंडूंवर भाटी चालते, बियांवर घर.

गुरुदासने दोन संध्याकाळी अंगणात बसून डोंगर पाहिला. त्याला दिसला पांढरा दिवा. तिसऱ्या दिवशी संभाजी कामावरून आला तेव्हा त्याने त्याला भाटीवर बोलावलं. कोळमीच्या दगडी कुंडात बोंडू तुडवून झाली होती, रस पिंपात गळत होता. मी तिथेच होतो.

"रातचो डोंगरार कशाक जाता रे तू?"

"सायकल चालवायला. हे बी असत्यात की."

"ते साखळेचे. हांव तुका विचारता."

संभाजीने जेवणाचा डबा खाली ठेवला.

"चंदगडाक काजू आसा मरे?"

"हाय."

"बी कशी पिळतत तां तुका येता."

"येतंय की. घरची झाडं हायती." मग त्याच्या लक्षात आलं. "भाऊ, चोरी करायची असती तर एवढा उजेड पाडत गेलो असतो व्हय?"

"तेंच तर," गुरुदास म्हणाला. "उजेड पाडलो की कोण संशय घेना, ह्यां तुका बरां ठाऊक आसा."

"तुमका आरशातलोय चोर दिसतलो," शर्मिला आतून म्हणाली.

"तू गप रव. पाडवो जातकच खोली खाली कर, संभाजी."

खोलीपुरती ही गोष्ट नव्हती. कारखान्यात माणसं पुरवणारा कंत्राटदार गुरुदासचा मेहुणा. खोली चोरीच्या संशयावर गेली की कामही जाणार आणि वसाहतीत दुसरीकडे कोणी उभं करणार नाही.

गुरुदासचं बोलणं तपासून पाहिलं तर त्याला तडा नव्हता, आणि तेच संशयास्पद होतं. दिवा लावला तर धीट चोर, लावला नाही तर लपणारा चोर. ज्या बातमीत दोन्ही बाजूंनी एकच निष्कर्ष निघतो ती छापायची नसते. पण संभाजीची बाजूही पुराव्यावर उभी नव्हती. अनेकदा तो पुढे निघून जाई, वळणापलीकडे त्याचा दिवा बराच वेळ स्थिर दिसे. विचारलं तर म्हणे, गवा होता. असेलही. त्याच डोंगरावर तितक्याच वेळा माझाही दिवा फिरत होता. त्याबद्दल मला कोणी काही विचारलं नाही. साखळीचं घर, ओळखीचं आडनाव. एवढ्यावर चौकशी संपत होती.

संभाजीने सायकल बंद केली नाही. "बंद केली तर म्हणतील, आता भ्याला," तो म्हणाला. दिवाही बदलला नाही.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी भाटीसमोर आम्ही तिघं होतो. गुरुदास, शर्मिला आणि मी. जेवणं व्हायची होती. माझी सायकल भिंतीला टेकलेली, दिवा बंद. आगीवर भांडं चढलेलं, नळीतून हुर्राक थेंब थेंब उतरत होता. समोर डोंगरावर खाणीच्या रस्त्याने संभाजीचा पांढरा दिवा चढत होता.

"तो बघ," गुरुदास म्हणाला.

तेवढ्यात त्याच्या बऱ्याच खाली, बागेच्या हद्दीवर, दुसरा दिवा दिसला. पिवळा. सावकाश. शर्मिलाची नजर आधी भिंतीजवळच्या माझ्या सायकलकडे गेली, मग परत डोंगराकडे. गुरुदास कदेलवरून उठला. टोपी काढली, हात जोडले, मान खाली घातली. मीही उभा राहिलो. विश्वास आहे की नाही याचा विचार अशा वेळी नंतर होतो, मान आधी खाली जाते.

शर्मिलाने मान खाली घातली नव्हती. ती भांड्याकडे लक्ष ठेवायला उभी होती, आणि तिथून डोंगर समोर दिसत होता.

"अहो," ती म्हणाली. "राखणदार वाकता काय?"

"गप."

"बघा तरी. वाकता."

आम्ही मान वर केली. पिवळा दिवा थोडा पुढे जाई, खाली उतरे, जमिनीजवळ घुटमळे, वर येई. परत थोडा पुढे, परत खाली. झाडामागून झाड. दोन्ही हात मोकळे करायला कोणीतरी बॅटरी दातांत धरावी, तसा तो हलत होता.

त्या दिव्याला हा डोंगर पाठ होता. आणि एक गोष्ट चंदगडहून आलेल्या माणसाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पिवळा दिवा हद्दीवरून सावकाश नेला तर या गावात कोणी हाक मारणार नाही, सगळे मान खाली घालतील, ही ती गोष्ट. ते फक्त इथे वाढलेल्याला ठाऊक. म्हणजे दगडावर हुर्राक ओतताना जे शेजारी हात जोडून उभे होते, त्यांच्यापैकीच कोणी.

"संभाजीक फोन लाय," गुरुदास मला म्हणाला. "तेका सांग, तेचो लाईट थंय मार म्हणान."

"तुझी बॅटरी आहे की."

"माज्यान जावचां ना."

फोन लागला. डोंगरावरचा पांढरा दिवा थांबला. सगळं सांगितलं. खाली, हद्दीवर, पिवळा दिवा, त्याच्यावर झोत टाक.

"चोर हाय का तुमचा देव हाय?"

"माहीत नाही."

"मग न्हाई मारत," संभाजी म्हणाला. "देव असला तर आमच्याकडं बी हाय तसला, त्याच्यावर उजेड मारत न्हाईत. आन् चोर असला तर तो तुमच्यातलाच. उद्या तोंड वळखलं की म्हनाल, तुला कोणी सांगितलं हुतं उजेड पाडायला? घाटावरनं आला आन् आमची घरं फोडली."

फोन बंद झाला. पांढरा दिवा आपल्या रस्त्याने चालू लागला, खाली न वळता. आपल्यावरचा आळ पुसायचं साधन त्याच्या हँडलवर होतं, आणि ते त्याने वापरलं नाही. धर्म म्हणून की शहाणपण म्हणून, हे तेव्हाही ठरवता आलं नाही.

गुरुदास हात जोडलेलेच ठेवून उभा होता. जोडायचे की सोडायचे हे त्याला समजत नसावं. शर्मिलाने पळी खाली ठेवली, अंगणाच्या कडेला गेली आणि तोंडाभोवती हात धरून डोंगराच्या दिशेने ओरडली,

"पोतां भरलां काय रे, राखणदारा?"

कुत्री भुंकली. पिवळा दिवा विझला.

"वारो इलो जातलो," गुरुदास हळूच म्हणाला.

भाटीचा धूर सरळ वर जात होता.

पाडव्याला खोलीचा विषय निघाला नाही. गुरुदासने माफी मागितली नाही, ती इथे मागत नाहीत. सकाळी शर्मिलाने संभाजीच्या दारात हुर्राकची बाटली आणि घावणे नेऊन ठेवले. त्याने बाटली उजेडात धरून पाहिली.

"वैनी, आधी तुमी घ्या."

"माका मारूक बघता काय?"

"तसं न्हाई. पर आधी तुमी घ्या."

तिने घोटभर घेतला. मग त्याने घेतला. गुरुदासने एकच अट घातली. दिवा हवा तो लाव, पण मागे लाल, लुकलुकणारा लाव. लुकलुकणारा दिवा ना चोराचा, ना देवाचा. संभाजीने तसा लावला. आज शनिवारी येणाऱ्यांच्या मागे जे लाल दिवे असतात ते त्यांच्या सुरक्षेसाठी असतात. इथे पहिला लाल दिवा लागला तो ओळख पटवण्यासाठी.

बिया जायच्या थांबल्या. तो कोण होता, हे कोणी शोधलं नाही. शोधलं असतं तर सापडला असता, म्हणूनच. पण पुढच्या काही दिवसांत एक गोष्ट झाली. गावात पिवळ्या बॅटऱ्या दिसेनाशा झाल्या. देवळातून घरी जाताना, गोठ्यात, विहिरीवर, ज्याच्या त्याच्या हातात पांढरा उजेड. माझाही पिवळा दिवा कपाटात गेला. पांढऱ्या उजेडात धूळ डोळ्यांवर येते आणि माती फिकी दिसते, हे आजही खरं आहे.

संभाजी अजून त्याच खोलीत राहतो. गुरुदासने त्यानंतर पावणी एकदाही सोडलेली नाही. पहिला हुर्राक अजून दगडावर ओतला जातो, विडी ठेवली जाते. परवा संध्याकाळी मी तिथे होतो. खाणीच्या रस्त्याने एक पांढरा दिवा चढत होता, मागे लाल लुकलुक. "तो आपलो," गुरुदास मान वर न करता म्हणाला आणि भांड्याखाली लाकूड सारलं.

थोड्या वेळाने हद्दीवर पिवळा दिवा दिसला. सावकाश चालणारा. बोलणं थांबलं. गुरुदास उठला, टोपी काढली, हात जोडले. शर्मिलाने जोडले. मीही जोडले. पण मान कोणाचीच खाली गेली नाही. सगळे डोळे उघडे ठेवून, हात जोडून, त्या दिव्याकडे पाहत होते. तो वाकतो का, ते.

दिवा हद्दीच्या टोकापर्यंत गेला आणि झाडीत शिरला. वाकला नाही. तरीही आम्ही बराच वेळ तसेच उभे होतो.